ग्रीनवरचं गवत बदललं, आता पटर बदलू का?

प्रश्न : ताई, आमचा गोल्फ क्लब अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात केरीजवळ आहे. गेल्या उन्हाळ्यात ग्रीनवरचं, म्हणजे होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवरचं, बेंटग्रास काढून बर्म्युडा गवत लावलं, तेव्हापासून माझा खेळ बिघडलाय. पटरने (ग्रीनवर चेंडू लोटायच्या काठीने) मारलेला जो पट सकाळी नीट जातो, तोच संध्याकाळी होलच्या अलीकडेच थांबतो. सात नंबरच्या आयर्नने (लांबून मारायच्या धातूच्या काठीने) ग्रीनवर टाकलेला चेंडू टप्पा घेऊन पलीकडे निघून जातो. पटर बदलू का? आणि एवढा खर्च करून क्लबने हे केलं तरी कशासाठी?
— एक वाचक, केरी

उत्तर : पटर अजिबात बदलू नका. पटची तक्रार तुम्ही आधी लिहिलीत, पण तुमचे खरे स्ट्रोक (फटके) वाया जातायत ते आयर्नपायी. गवत बदललं की सगळेच पटबद्दल बोलतात. मी ग्रीनच्या देखभालीत इतकी वर्षं आहे, मला मात्र पहिली एक-दोन वर्षं सगळ्यात मोठा फरक दिसतो तो टणकपणाचा. जुन्या ग्रीनमध्ये मेलेल्या मुळांचा आणि देठांचा मऊ थर साठलेला असतो, त्यात चेंडू रुततो. नवं ग्रीन करताना तो थर खरवडून काढला असेल, तर पुन्हा साठायला वेळ लागतो. शिवाय बर्म्युडाला पाणी कमी चालतं, त्यामुळे ग्रीन कोरडं ठेवता येतं. तेव्हा साताऐवजी आठ नंबर, म्हणजे जरा कमी लांब जाणारी आयर्न घ्या आणि टप्पा ग्रीनच्या पुढच्या कडेवर, जमलं तर त्याच्याही अलीकडे पाडा.

आता पट. बर्म्युडा म्हणजे आपली हरळीच. गणपतीला वाहतो त्या दूर्वेचा आफ्रिकेतल्या तिच्या एका बारीक पानाच्या बहिणीशी संकर करून ग्रीनची वाणं तयार झाली. शेतातून हरळी काढताना हात किती भरून येतात हे ज्याने अनुभवलंय, त्याला तिची आडवी धावायची खोड सांगायला नको. ग्रीनवर ती तीन मिलिमीटरच्या आसपास कापली तरी ही खोड जात नाही. पाती एका बाजूला कलतात, त्यालाच ग्रेन म्हणतात. त्यात उन्हाळ्याच्या दिवसांत ती दुपारभर जोमाने वाढते. म्हणून सकाळच्या कापणीनंतरचा वेग संध्याकाळी राहत नाही.

ग्रेन ओळखायचा तर कपची, म्हणजे होलची, कड वाकून बघा. सकाळी कप कापताना एका बाजूच्या धावत्या देठांची मुळं तुटतात. दुपारपर्यंत ती कड तपकिरी, झिजल्यासारखी होते आणि समोरची हिरवी, स्वच्छ राहते. ग्रेन त्या तपकिरी कडेच्या दिशेला असतो. उभ्या जागेवरून गवत चमकताना दिसलं तर पट ग्रेनबरोबर, गडद दिसलं तर विरुद्ध, म्हणजे जरा जोरात. याहून जास्त डोकं त्यात घालू नका. नव्या वाणांत, नीट उभी कापणी (उभ्या पात्यांनी गवत चिरणं) आणि वरून बारीक वाळू मिळत असेल तर, ग्रेन पूर्वीइतका राहिलेला नाही. चिप, म्हणजे ग्रीनबाहेरून चेंडू थोडा उचलून टाकायचा फटका, मारताना मात्र जपा. विरुद्ध ग्रेनमध्ये वेजची (चेंडू उचलायच्या काठीची) धार जमिनीत अडकते. कडेवरून सरळ पटरच वापरा.

खर्च कशासाठी? तुमच्याकडच्या जुलै-ऑगस्टमध्ये रात्रीसुद्धा उकडतं. बेंट हे थंड हवेचं गवत, त्याची मुळं तेव्हा आखडतात. मग पंखे लावा, भर दुपारी हाताने पाणी शिंपडा, आणि तरीही ग्रीन हातचं जाईल ही धास्ती. बर्म्युडा त्याच उन्हात फोफावतं. हवेसाठी ग्रीनला भोकं पाडायचं काम भर उन्हाळ्यात उरकता येतं आणि खेळायला सगळ्यात छान असलेला शरद ऋतू मोकळा मिळतो.

तुमच्यापासून तास-सव्वातासावरच्या पाइनहर्स्ट नंबर टू या गोल्फ कोर्सवर 2014 साली पुरुषांची आणि लगोलग महिलांची यूएस ओपन ही मोठी स्पर्धा बेंटवर झाली. त्यानंतर तिथे बर्म्युडा लावलं आणि 2024 ची यूएस ओपन त्यावर खेळली गेली. 2014 ला मार्टिन कायमर 9 अंडरने (ठरलेल्या फटक्यांपेक्षा 9 कमी) जिंकला, 2024 ला ब्रायसन डिशाम्बो 6 अंडरने. हा फरक गवताचा म्हणणं मला पटत नाही. हवा आणि होलच्या जागा दरवेळी वेगळ्या असतात. पण त्या दर्जाची स्पर्धा या गवतावर होऊ शकते, एवढं तरी सिद्ध झालं. ऑगस्टा नॅशनल या नामांकित क्लबने 1980 साली बरोबर उलटं केलं होतं, बर्म्युडा काढून बेंट लावलं. बर्म्युडाची आजची बारीक पानाची वाणं तेव्हा नव्हती, ती 1990 च्या दशकात आली.

हिवाळ्याचंही सांगून ठेवते. कडाका पडला की बर्म्युडा झोपी जातं, पिवळट होतं. काही क्लब त्यावर हिरवा रंग मारतात. ते मेलेलं नसतं. वाढ थांबल्यामुळे ग्रीन तेव्हा वेगवान असतं, म्हणून संध्याकाळचे पट आखूड पडायचे नाहीत. पारा उणे चार सेल्सियसच्या खाली जाणार असेल तर ग्रीनवर आच्छादन घालतात आणि त्या दिवशी कोर्स बंदही राहू शकतो. घरून निघण्याआधी क्लबला फोन करत जा.