तारकर्लीला निघालायस, तर एवढं ऐक

बेळगावहून आंबोली घाट उतरून स्कूबा शिकायला निघालायस, लई बरं वाटलं बघ. तिथं दोन तऱ्हेची माणसं भेटतील. काही म्हणतील, सगळ्यांचा गिअर, म्हणजे पाण्याखाली जायचं सामान, सारखाच हवा. काही म्हणतील, सोयीचं ते घाल. पहिल्यांना हट्टी समजू नकोस. फ्लोरिडातल्या पाण्याखालच्या गुहांत ती सारख्या गिअरची पद्धत घडली: तोंडातला रेग्युलेटर (टाकीतली हवा श्वासाला देतो तो) ७ फुटी होजवर, म्हणजे लांब नळीवर, दुसरा हनुवटीखाली, गळ्यात अडकवलेला. जोडीदाराची हवा संपली की तोंडातलाच त्याला द्यायचा, आपण गळ्यातला घ्यायचा. शोधाशोध नाही.

तरी १८ मीटर खोलीपर्यंतच्या पहिल्या कोर्ससाठी त्यात पैसे घालू नकोस. मास्क तेवढा स्वतःचा घे. आणि उतरण्याआधी जोडीदाराचा जादा रेग्युलेटर कुठं लावलाय ते हातानं चाचपून बघ, तुझाही त्याला दाखव.