वाचकांचे प्रश्न : थायलंडमध्ये कुकिंग क्लास करताना

थायलंडला जाणारे बरेच वाचक हल्ली मंदिरं आणि समुद्रकिनाऱ्यांसोबत अर्धा दिवस स्वयंपाक शिकण्यासाठी राखून ठेवतात. त्यांच्याकडून आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्नांना इथे उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : चियांग माईमध्ये डझनावारी कुकिंग क्लास दिसतात. सगळ्यांची जाहिरात एकसारखीच. निवडायचा कसा?

पैसे भरण्याआधी एकच गोष्ट विचारा : करीचं वाटण प्रत्येक जण स्वतः कुटतो, की तयार मिळतं? बाकी सगळं त्यानंतर. थाई करीची चव वाटणात असते. वाटण वाटीतून तयार मिळालं, तर पुढे उरतं ते नारळाच्या दुधात ढवळणं, आणि त्यासाठी क्लासची गरज नाही. काही ठिकाणी दहा-बारा जणांत एकच खल फिरवतात, प्रत्येकाने चार घाव घातले की फोटो निघतो आणि पुढचा पदार्थ सुरू. असा क्लास टाळाच.

दुसरा प्रश्न शेगडीचा. प्रत्येकाला वेगळी शेगडी आणि वेगळी कढई हवी. तिसरा गटाचा. आठ-दहापेक्षा जास्त माणसं असतील तर शिकवणाऱ्याला प्रत्येकाच्या कढईत डोकावणं जमत नाही.

अर्ध्या दिवसाचे क्लास बहुधा सकाळी नऊच्या सुमारास किंवा दुपारी तीन-चारला सुरू होतात आणि चार-पाच तास चालतात. साधारण 800 ते 1500 बाट लागतात. बँकॉकमध्ये आणि शेतावरच्या पूर्ण दिवसाच्या क्लासला जास्त. बाजारफेरी, साहित्य आणि जेवण त्यात धरलेलं असतं. हॉटेलवरून नेण्या-आणण्याची सोय असते, पण ती किती अंतरापर्यंत ते विचारून घ्या, नाहीतर सोंगथेवचं (तिथली सामायिक टॅक्सी) भाडं वेगळं पडतं. 13 ते 15 एप्रिल सोंगक्रानचे, म्हणजे थाई नववर्षाचे दिवस, तेव्हा चौकशी केल्याशिवाय बेत आखू नका.

पदार्थ जास्त म्हणजे क्लास चांगला, असं मात्र समजू नका. चार तासांत सात पदार्थ म्हणजे चिरून ठेवलेलं साहित्य कढईत टाकत जाणं. चार पदार्थ पुरेत : एक सूप, एक परतलेला पदार्थ, एक करी, एक गोड. सकाळी नाश्ता करून जाऊ नका, केलेलं सगळं खायचं असतं.

प्रश्न : आम्ही पूर्ण शाकाहारी, सासूबाई कांदा-लसूणही खात नाहीत. क्लास करण्यात अर्थ आहे का?

नक्कीच आहे, फक्त बुकिंग करतानाच सगळं स्पष्ट सांगायला हवं. शाकाहारासाठी थाई शब्द आहे ‘मांगसाविरात’, म्हणजे आपल्या ओळखीचा ‘मांस-विरती’च. पण हा शब्द ऐकून मांस वगळणारा स्वयंपाकी माशाचा सॉस सहज घालतो, कारण त्याच्या लेखी तो मिठाच्या जागी असतो. म्हणून वस्तूंची नावं एकेक करून सांगा. नाम प्ला म्हणजे माशाचा सॉस. कपी म्हणजे कोळंबीचं आंबवलेलं वाटण, ते बहुतेक करींच्या तयार वाटणात आधीच असतं. ऑयस्टर सॉस म्हणजे कालवांचा सॉस, तो परतलेल्या भाज्यांत असतो. सुकी कोळंबी पाड थाई (परतलेल्या तांदळाच्या शेवया) आणि सोम ताममध्ये (कच्च्या पपईची कोशिंबीर) असते. ‘माय साय नाम प्ला’ म्हणजे माशाचा सॉस घालू नका. ‘नाम प्ला’च्या जागी ‘कपी’ म्हणा, अंडं नको असेल तर ‘खाय’.

सासूबाईंसाठी दुसरा शब्द आहे : ‘जे’. या पद्धतीत मांस, मासे, अंडी, दूध तर नसतंच, शिवाय लसूण, कांदा आणि त्यांच्या कुळातल्या उग्र वासाच्या भाज्याही नसतात. पिवळ्या पट्टीवर लाल अक्षर दिसलं की ती ‘जे’ जेवणाची खूण. बटाटा, गाजर, मुळा मात्र ‘जे’ला चालतात, तेव्हा कंदमुळं वर्ज्य असणाऱ्यांनी तेवढं वेगळं सांगावं.

आता बदल करायचा कसा, ते नीट बघा, कारण बऱ्याच क्लासमध्ये नुसती कपी वगळून शाकाहारी करी देतात आणि ती आळणी लागते. कपी आणि नाम प्ला हे खारटपणासोबत एक खोल, मुरलेली चव देतात. ती जागा आंबवलेल्या सोयाबीनने भरून निघते. एक छोटा चमचा कपीऐवजी एक मोठा चमचा ‘ताव जियाव’ (आंबवलेल्या सोयाबीनचं दाटसर मिश्रण) घ्या. उत्तरेकडे, म्हणजे चियांग माईच्या बाजारात, ‘थुआ नाव’च्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्याच, पातळ वाळवलेल्या चकत्या मिळतात. एक चकती विस्तवावर खमंग भाजून वाटणातच कुटा. नाम प्लाच्या जागी तेवढाच फिका सोया सॉस आणि चिमूटभर मीठ. ऑयस्टर सॉसला मशरूमचा सॉस चालतो.

प्रश्न : हिरव्या करीचं वाटण क्लासमध्ये झकास झालं, नंतर स्वतः केलं तर पाणचट आणि दोरेदोरे आले. चूक कुठे?

बहुधा क्रमात. वाटण कुटताना नियम एकच : कोरडं आणि कठीण आधी, ओलं आणि मऊ शेवटी.

चार जणांसाठी अंदाज असा. एक छोटा चमचा धणे आणि अर्धा चमचा जिरं कोरडंच भाजून, अर्धा चमचा पांढऱ्या मिऱ्यांबरोबर कुटून पूड बाजूला काढा. मग खलात एक छोटा चमचा जाड मीठ आणि 15 ते 20 हिरव्या मिरच्या. तिखट कमी हवं तर पाच बारीक मिरच्या आणि तीन मोठ्या, बिया काढून. मिठाचे खडे मिरचीची सालं फाडायला मदत करतात, म्हणून मीठ सुरुवातीलाच. त्यानंतर दोन मोठे चमचे गवती चहा, एक मोठा चमचा ‘खा’ (आल्यासारखा दिसणारा थाई कंद), एक छोटा चमचा माक्रूत लिंबाची किसलेली हिरवी साल आणि एक चमचा कोथिंबिरीची मुळं. हे सगळं एकजीव झाल्यावर सहा लसूण पाकळ्या आणि तीन छोटे लाल कांदे. शेवटी बाजूला ठेवलेली पूड आणि एक छोटा चमचा कपी.

कांदा-लसूण आधी घातला तर त्याचं पाणी सुटतं, गवती चहाचे तुकडे त्यात घसरत राहतात आणि कितीही कुटलं तरी चिरडत नाहीत. तुमचे दोरे तिथूनच आले. दुसरं कारण गवती चहाचा भाग. चहात आपण पाती घालतो, वाटणात मात्र खालचा पांढरट-जांभळट दांडाच लागतो. बाहेरची दोन-तीन आवरणं काढून टाका आणि आतला दांडा आडवा, कागदाइतका पातळ चिरा. उभे काप केले तर रेषा अखंड राहतात.

वाटण झालं की नाही, हे घड्याळावर ठरवू नका. नवख्याला वीस-पंचवीस मिनिटं लागतातच. थोडं वाटण दोन बोटांत चोळा : रेषा लागली तर अजून कुटा. कान दिला तरी कळतं. सुरुवातीला बत्ता दगडावर खणखणतो, वाटण तयार होत आलं की आवाज जाड आणि बसका होतो.

मिक्सर वापरायचाच असेल तर पाणी घालू नका, त्याऐवजी थोडं नारळाचं घट्ट दूध घाला. पाणी घातलेलं वाटण परतलं जात नाही, नुसतं शिजतं. खा म्हणजे आपलं आलं नव्हे, कुलिंजनाच्या जातीचा कंद. आलं घातलं तर करी वाईट लागत नाही, पण ती वेगळीच करी होते.

प्रश्न : करीवर तेलाचा हिरवा तवंग येत नाही. नारळाचं दूध फुटतं तेव्हा नासल्यासारखं दिसतं. बरोबर काय?

थाई करीत दूध फुटायलाच हवं, तेही वाटण पडण्याआधी. बाजारफेरीत नारळाचं दूध काढणाऱ्या दुकानापाशी जरा थांबा. खवलेला चव यंत्रात दाबला की आधी सायीसारखं जाड दूध येतं, ते ‘हुआ कथि’, म्हणजे डोकं. चोथ्यात पाणी घालून पुन्हा दाबलं की ‘हांग कथि’, म्हणजे शेपूट. पहिलं आणि दुसरं दूध हा भेद आपल्यालाही नवा नाही, फक्त इथे दोन्हींची कामं वेगळी आहेत.

कढईत अर्धी वाटी हुआ कथि मध्यम आचेवर ठेवा. पाच-सात मिनिटांत पाणी आटतं, बुडबुडे लहान आणि जाड होतात, चरचर ऐकू येते आणि कडेने तेल सुटतं. याला ‘तेक मान’ म्हणतात : स्निग्धांश फुटून वेगळा होणं. आता दोन-तीन मोठे चमचे वाटण घालून त्याच तेलात तीन-चार मिनिटं परता, कच्चा वास जाईपर्यंत. मग भाजी किंवा मांस, दीड वाटी हांग कथि, दोन मोठे चमचे नाम प्ला, एक मोठा चमचा ताडगूळ. होराफाची (थाई बेझिल) पानं गॅस बंद केल्यावर.

डब्यातलं दूध बहुधा फुटत नाही, कारण बऱ्याच डब्यांत ते एकजीव राहावं म्हणून पदार्थ मिसळलेले असतात. घटकांच्या यादीत फक्त नारळ आणि पाणी असलेला डबा शोधा. नाही मिळाला तर आटवत बसू नका, एक मोठा चमचा तेल घालून त्यात वाटण परता.

प्रश्न : पाड थाईचा दर वेळी लगदा का होतो?

शेवया उकळल्या म्हणून. तांदळाच्या चपट्या शेवया साध्या पाण्यात 30 ते 40 मिनिटं भिजवा. बोटाभोवती वळल्या पाहिजेत, पण दाताला कडक लागल्या पाहिजेत. उरलेलं शिजणं कढईत, सॉसच्या पाण्यावर होतं. आधीच मऊ केल्या तर सॉस शोषायला जागा राहत नाही.

एका वेळी एकच प्लेट करा, फार तर दोन. क्लासमधल्या शेगडीची आच मोठी असते. लहान आचेवर चार जणांचं एकदम टाकलं की कढई थंड पडते आणि परतण्याऐवजी वाफेवर शिजतं. एका प्लेटला चिंचेचा कोळ दोन मोठे चमचे, ताडगूळ दीड, नाम प्ला दीड. तिन्ही आधी गरम करून एकजीव करा, गूळ कढईत विरघळायची वाट बघण्यात शेवया गळतात. मुगाचे मोड आणि पात शेवटच्या अर्ध्या मिनिटात.

प्रश्न : तुळस घालतात असं ऐकलं. खरं का?

हो. ‘क्राफाव’ ही तुळशीचीच जात, आणि पाड क्राफावमध्ये ती मांसाबरोबर परततात. ज्यांना ते नको वाटेल त्यांनी होराफा मागावा. त्याला बडीशेपेसारखा गोडसर वास असतो. चव बदलेल, पण पदार्थ होईल.

प्रश्न : आंबा आणि चिकट भात शिकण्यासाठी कोणता महिना चांगला?

मार्च ते मे. तेव्हा ‘नाम दोक माय’ आंबा भरात असतो. त्याच काळात उत्तरेत शेतं-जंगलं जाळल्याचा धूर साचतो, त्यामुळे दम्याचा त्रास असणाऱ्यांनी चियांग माईऐवजी बँकॉकचा किंवा दक्षिणेचा क्लास घ्यावा.

भाताचं सांगायचं तर ‘खाव नियाव’ शिजवत नाहीत, वाफवतात. किमान चार तास भिजवायचा, कारण वाफेतून त्याला पाणी फार कमी मिळतं. न भिजवलेल्याचा गाभा कच्चा राहतो आणि पाण्यात शिजवलेल्याची खळ होते. वीस-पंचवीस मिनिटं वाफ, मध्ये एकदा गोळा उलटा करायचा. एक वाटी कच्च्या तांदळाला पाऊण वाटी नारळाचं घट्ट दूध, पाव ते अर्धी वाटी साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ कोमट करून भात गरम असतानाच ओता आणि वीस मिनिटं झाकून ठेवा. सुरुवातीला भात दुधात पोहताना दिसेल. घाबरू नका, तो सगळं पिऊन घेतो. थंड भात पीत नाही.

प्रश्न : येताना काय आणावं? खल आणणं शहाणपणाचं आहे का?

तयार वाटणं, ताडगूळ, नाम प्ला हे सीलबंद आणा आणि चेक-इन सामानात टाका. वाटणही विमानात द्रवासारखंच मोजतात, 100 मिलीपेक्षा मोठा डबा हातातल्या पिशवीत अडतो. ताजी पानं, मुळं आणि रोपं आणू नका, विमानतळावर ती काढून घेतली जाऊ शकतात.

खल दोन प्रकारचे. ‘ख्रोक हिन’ दगडी, वाटणासाठी. ‘ख्रोक दिन’ मातीचा, उंच, लाकडी बत्त्याचा. तो सोम तामसाठी, कारण कच्च्या पपईचा कीस चेचायचा असतो, वाटायचा नसतो. मातीच्या खलात वाटण करायला गेलात तर तो फुटेल. दगडी खलांसाठी चोनबुरी प्रांतातलं आंग सिला प्रसिद्ध आहे. सात-आठ इंची खल पाच किलोच्या पुढे जातो, तेव्हा सामानाची मर्यादा बघून घ्या. आतून अगदी गुळगुळीत असलेला घेऊ नका, मिरची त्यावर घसरते.

आणल्यावर साबण लावू नका, दगड वास धरून ठेवतो. नुसत्या पाण्याने आणि ब्रशने घासा, वाळवा आणि मूठभर कच्चे तांदूळ कुटा. पहिलं पीठ करडं निघेल, ते टाका. पुन्हा मूठभर घ्या. पीठ पांढरंशुभ्र निघायला लागलं की मीठ आणि मिरच्या घाला.