ढापा, चेंबर की मॅनहोल?

प्रश्न असा आला आहे : सोसायटीच्या फलकावर 'मॅनहोल परस्पर उघडू नये' अशी सूचना लावली. एका सभासदांनी हरकत घेतली, की आपल्या आवारात आहे ते चेंबर, मॅनहोल नव्हे. दुसऱ्या एक काकू म्हणाल्या, आमच्या नाशिककडे याला ढापा म्हणतात. मग बरोबर शब्द कोणता? आणि तो 'उघडायचा' की 'उचलायचा'?

शब्द तिन्ही बरोबर आहेत, पण ते एकाच वस्तूचे नाहीत. जमिनीत विटांनी बांधून आतून गिलावा केलेला चौकोनी खड्डा, जिथे दोन-तीन घरांचे पाइप येऊन मिळतात किंवा पाइप वळतो, ते चेंबर. त्याच्यावर बसतो तो ढापा. आणि रस्त्याखालच्या मोठ्या वाहिनीवरचं, माणूस आत उतरेल एवढं तोंड असतं ते मॅनहोल.

'चेंबर'ला परका म्हणायचं आता काही कारण नाही. इंग्रजीत ते 'इन्स्पेक्शन चेंबर'. आपण पहिला शब्द गाळला, उरलेल्याला नपुंसकलिंग दिलं आणि 'चेंबर तुंबलं' म्हणायला लागलो. लॅटिनमधल्या 'कामेरा'पासून हा शब्द निघाला. 'कॅमेरा'ही त्यातलाच, आणि पोर्तुगीजांमार्फत हिंदीत आलेला 'कमरा'ही. पुण्यात बरेच जण याच वस्तूला नुसतं 'ड्रेनेज' म्हणतात : 'ड्रेनेजचं झाकण सरकलंय'.

माझा जीव मात्र 'ढापा'वर आहे. ढापणे म्हणजे झाकणे. घाण्याच्या बैलाच्या डोळ्यांवर बांधतात ती ढापणं, आणि शाळेत चष्मेवाल्या पोराला 'ढापण्या' म्हणतात तेही यातूनच. मुंबईच्या बोलीत 'ढापणे'ला चोरण्याचा अर्थ आला, तो मला वाटतं झाकून नेण्यातूनच आला असावा. 'झाकण' डब्यालाही असतं, पातेल्यालाही असतं. गटारावर टाकलेली फरशी, लादी किंवा जड झाकण म्हटलं की 'ढापा' एका शब्दात काम करतो. सामान्यरूप ढाप्या : ढाप्याखाली, ढाप्याला, ढाप्यावरून. ग्रामपंचायतीच्या कामांत 'गटारीवर ढापे टाकणे' असं आजही लिहिलेलं दिसतं. शहरात हा शब्द मागे पडतोय, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

उलट दिशेने गेलेला आपला एक शब्दही सांगायलाच हवा. बाथरूमच्या जाळीखाली जो पाणी धरून ठेवणारा सापळा असतो, त्याला भारतातल्या इंजिनिअरिंगच्या इंग्रजी पुस्तकांत 'नाहणी ट्रॅप' म्हणतात. ती आपली न्हाणी! बाहेरच्या 'गली ट्रॅप'चा मात्र गल्लीशी संबंध नाही, इमारतीच्या बाजूच्या गल्लीत असला तरी. तो इंग्रजी 'गली', घळ किंवा पाण्याची वाट या अर्थाचा.

आता क्रियापद. गेल्या पावसाळ्यात आमच्या मागच्या अंगणात पाणी वर आलं. चेंबर कुठे आहे हे कुणालाच आठवेना, कारण मधे कधीतरी त्यावर फरशी घातली गेली होती. प्लंबरदादांनी आधी वर पाहिलं, संडासाचा पाइप भिंतीवरून कुठे उतरतो ते. मग त्या रेषेत पहारेचा दांडा फरशीवर आपटत निघाले. ठक्, ठक्, ठक्, आणि एके जागी ढब्. 'इथं पोकळ वाजतंय, ताई. लिंपून टाकलाय, उचकटावा लागेल.' त्यांच्या तोंडी तीन वेगळी क्रियापदं आली, तीही तीन वेगळ्या कामांची. कडेचं सिमेंट छिन्नीने खरवडून, फटीत पहार घालून ढापा हलवला, तो 'उचकटला'. एक कड वर आल्यावर खाली विटेचा तुकडा सारला आणि ढापा 'उचलला'. मग पाइपाच्या तुकड्यावरून तो बाजूला 'सरकवला'. बोटं एकदाही ढाप्याखाली घातली नाहीत. 60 सेंटिमीटर चौरस, 5 सेंटिमीटर जाडीचा काँक्रीटचा ढापा सुमारे 43 किलोचा भरतो. शिवाय चौकोनी ढापा तिरपा झाला तर चेंबरच्या तोंडातून आत पडू शकतो, कारण कर्ण बाजूपेक्षा लांब असतो. गोल ढाप्याला ती भीती नाही.

म्हणून 'उघडणे' मी बिजागरीच्या वस्तूंसाठी ठेवीन.

झाकणावरची अक्षरंही वाचायला शिकावीत. 'एलडी 2.5' (एलडी म्हणजे लाइट ड्यूटी) असेल तर ते अडीच टनांच्या वर्गाचं, म्हणजे पायवाटेसारख्या हलक्या जागेसाठी. त्याच्यावरून टेम्पो नेऊ नये. 'एचडी 20', म्हणजे हेवी ड्यूटी, रस्त्यासाठी. बिडाचं झाकण असेल तर 'लोखंडी' न म्हणता 'बिडाचं'च म्हणा, तव्यासाठी तो शब्द आपण वापरतोच.

राहिला 'मॅनहोल'. माणसाने आत उतरायचं, हे त्या नावातच आहे, आणि याच कारणासाठी मला तो आवारातल्या चेंबरला नको वाटतो. गटारात साठणारा हायड्रोजन सल्फाइड वायू सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास देतो, पण प्रमाण वाढलं की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर करतो. वास गेला म्हणजे वायू गेला, असं नसतं. हाताने मैला साफ करण्याच्या कामाला बंदी घालणारा कायदा 2013 सालचा आहे, तरी माणसं आत गुदमरून मरतात. 2023च्या अर्थसंकल्पी भाषणात 'मॅनहोल'कडून 'मशीनहोल'कडे जाण्याची भाषा आली, म्हणजे नावातला माणूस काढायची गरज सरकारलाही वाटली. आपल्या बोलण्यातून तो आधीच काढता येईल.

फलकासाठी मी असं लिहीन : 'चेंबरचा ढापा परस्पर उचलू नये. चेंबर तुंबल्यास कार्यालयात कळवावे. ढापा उचललेला असताना लहान मुलांना जवळ येऊ देऊ नये, काडी पेटवू नये, आणि कोणीही आत उतरू नये.'