थडग्यांवरून प्राचीन चीनची संस्कृती खरंच कळते का?

तुमचा प्रश्न दुहेरी आहे. प्राचीन चीनबद्दल काहीही वाचायला घेतलं की थडगीच का समोर येतात? आणि मेलेल्यांसोबत पुरलेल्या सामानावरून जिवंत माणसं कशी जगत होती, हे कसं काय ठरवायचं?

पहिल्याचं उत्तर सरळ आहे. जुन्या चीनमधले राजवाडे, देवळं, घरं सगळं लाकडाचं आणि ठोकून घट्ट केलेल्या मातीचं. लढायांत जळालं, पावसात कुजलं, नव्या राजांनी पाडलं. आज उभ्या असलेल्या लाकडी इमारतींत सर्वांत जुनं मानलं जातं ते नानचान मंदिराचं मुख्य दालन, आणि तेही इ.स. 782 चं. त्याच्या आधीची माणसं, त्यांचे कपडे, त्यांची ताटं-वाट्या बघायच्या तर जमिनीखालीच जावं लागतं.

दुसऱ्या भागाबद्दल मला मनापासून काही सांगायचं आहे, कारण गफलत तिथेच होते. थडगं म्हणजे कुणाचं तरी घर होतं तसं गाडून ठेवलेलं, असं समजून वाचलं की चुकीचे निष्कर्ष निघतात. थडगं मांडतात ती मागे राहिलेली माणसं. कोणती वस्तू खरी द्यायची, कोणती नकली चालेल, काय लिहायचं, काय झाकायचं, हे सगळं त्यांनी ठरवलेलं असतं. आपण वाचायची ती ही निवड.

याचं माझ्या मते सर्वांत चांगलं उदाहरण म्हणजे हुनान प्रांतातल्या छांगशा शहराजवळचं मावांगदुई. 1972 ते 1974 या काळात इथे तीन थडगी उकरली गेली. हान घराण्याच्या काळात (इ.स.पू. दुसरं शतक) छांगशा राज्याचा मंत्री असलेला ली त्सांग, त्याची बायको शिन ज्वेई आणि त्यांचा एक मुलगा. नवऱ्याचं थडगं चोरांनी साफ केलेलं होतं, पण त्यात सापडलेल्या शिक्क्यांवरून घराण्याची ओळख पटली. बाईंचं थडगं मात्र अबाधित राहिलं. भोवती कोळशाचा थर, त्यावर पांढऱ्या चिकणमातीचा जाड थर, त्यामुळे आत हवा-पाणी शिरलंच नाही. एकात एक बसवलेल्या चार शवपेट्या, आणि सर्वांत आतल्या पेटीत वस्त्रांच्या वीस थरांत गुंडाळलेला देह. दोन हजारांहून जास्त वर्षांनी त्याचं शवविच्छेदन करता आलं. वय साधारण पन्नास, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, पित्ताशयात खडे, आणि पोटात-आतड्यात खरबुजाच्या शंभरावर बिया. म्हणजे मृत्यू खरबुजाच्या हंगामात, ते खाल्ल्यावर थोड्याच वेळात आला.

पण मला देहापेक्षा थडग्याची मांडणी जास्त बोलकी वाटते. शवपेट्यांच्या चारही बाजूंना लाकडी कप्पे आहेत. तीन कप्पे कोठारासारखे ठासून भरलेले. उत्तरेकडचा कप्पा मात्र बैठकीच्या खोलीसारखा मोकळा ठेवलाय. भिंतींना रेशमी पडदे, खाली चटई, पाठीमागे आडपडदा, पुढे लाखकामाच्या तबकात खाण्याच्या लहान ताटल्या, पेले आणि चॉपस्टिक्स. शेजारी सौंदर्यप्रसाधनांची पेटी, जोडे, एक काठी. समोर वाद्यं वाजवणाऱ्या लाकडी बाहुल्या. बसायची जागा तेवढी रिकामी. बाई येऊन बसतील, जेवतील, गाणं ऐकतील, अशी सगळी तयारी. लाखेच्या भांड्यांवर तर ‘जेवून घ्यावं’, ‘मद्य घ्यावं’ अशी आर्जवं लिहिलेली आहेत.

आणि ती काठी. आतल्या शवपेटीवर इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचं, दोन मीटरहून थोडं लांब रेशमी चित्र अंथरलेलं होतं. वर सूर्यातला कावळा, चंद्रातला बेडूक, खाली पाताळ, आणि मधोमध काठीवर रेललेली एक वयस्क बाई, मागे दासी, पुढे गुडघे टेकलेले दोन पुरुष. तपासणीत शिन ज्वेईंच्या कण्याचा विकारही दिसला. चित्रकाराने स्वर्गाच्या वाटेवरही त्यांना तरुण, ताठ दाखवलं नाही, काठीसकट दाखवलं. त्या काळच्या चित्रकलेबद्दल आणि आप्तांच्या भावनेबद्दल हे केवढं सांगून जातं!

आता निवडीकडे या. कपडे खरे, आणि तेही घराण्यातले उत्तमोत्तम. त्यातला एक पारदर्शक रेशमी झगा जेमतेम 49 ग्रॅम वजनाचा आहे. धान्य, मांस, फळं खरी. पण पैसे मातीचे! टोपल्या भरभरून मातीची नाणी. गेंड्याची शिंगं आणि हस्तिदंत लाकडात कोरलेले. एवढ्या श्रीमंत घराला खरं चलन परवडत नव्हतं, असं कोण म्हणेल? परलोकात कशाला खरं असावं लागतं आणि कशाची नुसती आकृती पुरते, याबद्दल त्यांची ठाम समजूत होती. थडग्यातल्या सामानावरून ‘हान काळात लोक अमुक वापरत’ असं लिहिण्याआधी ही समजूत लक्षात घ्यायलाच हवी.

मुलाच्या थडग्यात, इ.स.पू. 168 च्या, आणखी एक नवल निघालं. घरच्या कारभाऱ्याने परलोकातल्या अधिकाऱ्याला लिहिलेली चिठ्ठी! सोबत पाठवलेल्या वस्तूंची यादी जोडली आहे, ती वरिष्ठांपर्यंत पोचवावी, अशा अर्थाची. मेल्यावरही आवक-जावक, नोंदवही, वरिष्ठ-कनिष्ठ. नोकरशाही त्या समाजात किती खोल मुरली होती, हे राजाच्या फर्मानापेक्षा ही चिठ्ठी जास्त नीट सांगते.

मृतासोबत माणसांचा बळी देऊन त्यांना पुरण्याचा प्रश्नही निघणारच, म्हणून थोडक्यात. आनयांगला 1976 मध्ये सापडलेल्या, शांग घराण्यातल्या राणी फू हाओच्या थडग्यात (साधारण इ.स.पू. 1200) सोळा माणसांचे बळी होते. त्यानंतर सातेकशे वर्षांनी, झंग राज्याचा अधिपती यी याच्या थडग्यातही एकवीस स्त्रिया होत्या, वाद्य म्हणून वाजवायच्या, जगप्रसिद्ध 65 कांस्य घंटांच्या सोबतीला. पुढे अशा बळींची जागा हळूहळू लाकडी-मातीच्या बाहुल्यांनी घेतली. मला त्या घंटांचं कौतुक नेहमी अर्धवटच करता येतं.

थडग्यातला लेखसुद्धा जसाच्या तसा खरा मानू नये. थांग घराण्यातली राजकन्या योंगताय इ.स. 701 मध्ये सतराव्या वर्षी वारली. इतिहासग्रंथ सांगतात, सम्राज्ञी वू झतियानच्या मर्जीतल्या माणसांबद्दल कुजबुज केली म्हणून या आजीनेच नातीला मरण दिलं. 706 मध्ये वडिलांनी तिला पुन्हा थाटात पुरलं, आणि त्या वेळच्या शिलालेखात गर्भारपणातल्या मृत्यूचा सूचक उल्लेख आहे. दोन्ही मजकूर लिहिणाऱ्यांचे हितसंबंध होते. ‘कुणी, कुणासाठी लिहिलं’ हा प्रश्न इथे टाळताच येत नाही.

एक मर्यादाही मान्य करायला हवी. हा सगळा पुरावा मुख्यतः वरच्या वर्गाचा. म्हणून मला हूपेमधलं श्वेईहूदी फार जवळचं वाटतं. तिथल्या एका साध्या थडग्यात हेइफू आणि जिंग या दोन सैनिकांनी घरी पाठवलेली, लाकडी पट्ट्यांवरची पत्रं निघाली. इ.स.पू. तिसऱ्या शतकातली, छू राज्यावरच्या मोहिमेतली. आई बरी आहे ना, पैसे पाठवा, कपडे पाठवा. जिंगने तर लिहिलंय, उसने पैसे वापरून बसलोय, घरून आले नाहीत तर मेलोच, लवकर, लवकर, लवकर! कुणाच्या तरी घरात ही पत्रं जपली गेली आणि शेवटी थडग्यात ठेवली गेली.

सुरुवात कुठून करावी, तर चीनचा पहिला सम्राट छिन शी ह्वांग याच्या थडग्याजवळ पुरलेल्या मातीच्या पुतळ्यांच्या सैन्यापासून करू नका, असं मी सुचवेन. ते भव्य आहेच, पण त्या सम्राटाचं मूळ थडगं अजून उघडलेलंच नाही, दिसतो तो केवळ भोवतालचा परिसर. मावांगदुई घ्या. तिथलं सगळं एकत्र, छांगशाच्या हुनान संग्रहालयात आहे, आणि चांगली छायाचित्रं सहज मिळतात. आधी उत्तरेचा कप्पा, मग रेशमी चित्र, मग सामानाची यादी, या क्रमाने बघा.

आणि बौद्ध कलेची आवड असेल तर सिचुआनमधलं माहाओ जरूर शोधा. दुसऱ्या शतकाच्या आसपास डोंगरात कोरलेल्या या थडग्यात दारावरच्या दगडावर बुद्ध कोरलेला आहे, प्रभावळीसकट, उजवा हात अभयमुद्रेत. अजिंठा-कार्ल्याची लेणी बघितलेल्यांना बुद्ध विहारात किंवा चैत्यात पाहायची सवय असते. इथे तो मृतांच्या दारावर आहे, कारण तिथल्या लोकांना तो आधी परलोकात सांभाळणारा एक नवा देव म्हणून भावला असावा. या विषयावर वेगळा प्रश्न विचारलात तर सविस्तर लिहीन.