गाडीतलं कूलंट सारखं कमी होतं, गळती कुठेच दिसत नाही. मेकॅनिक म्हणतो हेड गॅस्केट गेलंय. इंजिन खोलू का?

नाही. थंड इंजिनावर प्रेशर टेस्ट, म्हणजे हातपंपाने कूलंटच्या टाकीत दाब भरून तो टिकतो का ते बघणं, करून कोणी तुमच्यासमोर दाखवत नाही तोपर्यंत तर मुळीच नाही.

तुम्हीच लिहिलंय की खाली थेंब पडत नाही, तापमानाचा काटा जागचा हलत नाही, तेल स्वच्छ आहे, आणि तरी महिन्याभरात कूलंटच्या टाकीतली पातळी मिनच्या खुणेखाली जाते. यात हेड गॅस्केटचं, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि त्यावर बसणारं हेड यांच्यामधल्या सीलचं, लक्षण कुठलं? मेकॅनिकला गळती सापडली नाही, एवढंच यातून सिद्ध होतं. सापडलं नाही की हेड उतरवा, ही काही गॅरेजमधली जुनी खोड आहे.

तावातावाने लिहितोय, कारण माझ्या गाडीचंही हेड उतरवायला निघाले होते. दुखणं हुबेहूब तुमचंच. आमच्या घरात त्यावर दोन पक्ष पडले होते. दाजींचं म्हणणं, "पाणीच आहे ते, उडणारच. डिकीत बाटली ठेव आणि टाकत जा." त्यांनी सगळ्या गाड्या अशाच चालवल्या आणि त्याचा त्यांना अभिमान आहे. मेकॅनिकचं म्हणणं दुसऱ्या टोकाचं. गाडी चालवत नेली, त्याने तिथल्या तिथे टाकीच्या तोंडाला हातपंप लावला, दाब भरला, पंपावरचा दाबाचा काटा जागचा हलेना. "बाहेर गळत नाही म्हणजे आत जातंय. हेड उतरवू, फेसिंग करू म्हणजे त्याचा तळ घासून सपाट करू, गॅस्केट नवीन टाकू." ऐकायला बिनतोड. दाजीसुद्धा गप्प झाले, हे विशेष.

पण ती टेस्ट झाली होती गरम इंजिनावर. गरम असताना धातू प्रसरण पावतो, रबर नरम असतं, सांधे आपोआप घट्ट बसतात. गाडी बंद केल्यावर खरा खेळ सुरू होतो. सगळं आकसायला लागतं, आत मात्र दाब अजून शिल्लक असतो. त्या मधल्या वेळात कडक झालेली रिंग किंवा ढिला क्लॅम्प थोडंसं सोडतो. इंजिन अजून ऊन असतं, त्यामुळे सुटलेलं तिथेच वाळतं. पूर्ण थंड झाल्यावर दाबच उरत नाही, मग गळती थांबते. सकाळी खाली वाकून बघणाऱ्याला फरशी कोरडी ठाक दिसते.

म्हणून मी गाडी रात्रभर तिथेच ठेवली आणि सांगितलं, सकाळी चावी फिरवायच्या आधी पंप लावायचा. मेकॅनिकने कुरकुर केली. दाजी मुद्दाम सोबत आले, माझी फजिती बघायला. झाकणावर १.१ लिहिलेलं होतं, म्हणजे १.१ बार, तेवढाच दाब भरला. थोडा वेळ काहीच नाही. मग काटा इतक्या सावकाश उतरायला लागला की आधी मला भास वाटला. आवाज नाही, खाली थेंब नाही. टॉर्च आणि काडीला लावलेला छोटा आरसा घेऊन इंजिनच्या मागच्या अंगाला शोधलं. थर्मोस्टॅटचं प्लास्टिकचं हाउसिंग जिथे ब्लॉकला बसतं, त्या सांध्याखाली गुलाबीसर पांढरी पापडी धरली होती, नखाने खरवडली तर भुकटी झाली. तिच्यावरच एक थेंब हळूहळू फुगत होता. फुगला, ओघळला, गिअरबॉक्सच्या वरच्या खाचेत गेला आणि तिथेच राहिला. जमिनीपर्यंत पोचायचा त्याला रस्ताच नव्हता. हाउसिंग काढलं तर आतली रबर रिंग चपटी, बांगडीसारखी कडक. रिंग आणि हाउसिंग दोन्ही बदललं. त्यानंतर पातळी खुणेवरून हललेली नाही.

मेकॅनिक म्हणाला, "मला वाटलंच होतं, बारीक गळती असणार." दाजी म्हणाले, "पाणी टाकूनही चाललीच असती की."

नसती चालली, दाजी. आता निवांत सांगतो, कारण जेवताना तुम्ही बोलू देत नाही. ही सिस्टीम बंद असते. गरम झाल्यावर कूलंट फुगून टाकीत चढतं आणि थंड झालं की मूळ पातळीला परत येतं. हवेत उडून जायला तिथे उघडं तोंड नाही. कमी होतंय म्हणजे वाट आहे, आणि ती आपोआप बुजत नाही. नुसतं पाणी टाकत राहिलात की मिश्रण पातळ होत जातं. कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं असेल तर मोकळ्या हवेत ते साधारण १०७ अंशांना उकळतं, १.१ बारच्या झाकणाखाली साधारण १३० ला. पाणी वाढवलं की हा वरचा वाव कमी होतो. त्याहून वाईट म्हणजे गंज रोखणारी रसायनं विरळ होतात आणि ॲल्युमिनियमचं हेड आतून खायला सुरुवात होते. म्हणजे तुमच्या उपायानेच एक दिवस खरोखर हेड उतरवावं लागतं. दाजींचा दुसरा आवडता इलाज, गळती बंद करणारी ती बाटलीतली पूड, तिचंही तेच. ती फट बुजवते तशी हीटरच्या बारीक नळ्याही बुजवते.

तर तुमच्याबद्दल. रात्रभर थंड झाल्यावर, त्याच सपाट जागी, पातळीची खूण करा आणि दर आठवड्याला तशीच बघा. मग झाकण. त्याची सील किंवा स्प्रिंग कमजोर असेल तर ठरलेल्या दाबाच्या आधीच वाफ सुटते आणि मागे काहीच उरत नाही. झाकणाचीही वेगळी प्रेशर टेस्ट होते, पण सगळ्यात स्वस्त भाग तोच असल्यामुळे सरळ बदलून बघितलं तरी चालतं. टाकीच्या शिवणीवर बारीक चीर असू शकते, गरम असतानाच उघडणारी. वॉटर पंपाला खाली एक छोटं भोक असतं, ते मुद्दामच ठेवलेलं आहे, आतली सील गेली की तिथून पाझरतं. भोकाभोवती रंगीत पापडी दिसली की विषय संपला. पुढचा गालिचा ओलसर असेल, काचेवर आतून तेलकट धुकं धरत असेल, गोडसर वास येत असेल तर हीटर कोअर, म्हणजे डॅशबोर्डमागचा हीटरचा छोटा रेडिएटर, गळतोय. काहीच दिसत नसेल तर कूलंटमध्ये चमकणारा रंग टाकून काही दिवसांनी अल्ट्राव्हायोलेट टॉर्चने बघतात, तोही चांगला मार्ग आहे.

आणि हो, गॅस्केट कधीच जात नाही असं नाही. जातं. पण मग पुरावे मिळतात. थंड इंजिन सुरू केल्यावर एक-दोन मिनिटांतच रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) दगडासारखा कडक होतो, टाकीत बुडबुडे येत राहतात, चारपैकी एकच स्पार्क प्लग धुतल्यासारखा स्वच्छ निघतो. टाकीच्या तोंडावर निळं द्रावण धरून करायची एक टेस्ट आहे, जळलेला वायू आला की ते पिवळं पडतं. ती करून द्या म्हणावं, मग हेडला हात लावा. तेलाच्या झाकणाखाली दुधी साय दिसली म्हणून मात्र घाबरू नका, गाडी फक्त जवळच्या जवळ फिरत असेल तर नुसत्या दमटपणानेही ती धरते.

नुकतंच कूलंट बदललं असेल तर सुरुवातीला पातळी थोडी उतरते, आत अडकलेली हवा बाहेर पडते म्हणून. दोन-तीन वर्षांत किंचित उतरणंही चालतं. (हे वाक्य दाजी घरभर वाचून दाखवणार, माहीत आहे.) गरम इंजिनाचं झाकण कुठल्याही कारणाने उघडू नका, आणि काटा लालकडे सरकला तर टेस्टबिस्ट राहू द्या, गाडी बाजूला घेऊन बंद करा. सांडलेलं कूलंट लगेच पुसा, चवीला गोड असल्यामुळे कुत्री-मांजरं चाटतात आणि ते विषारी असतं.

पेट्रोल की डिझेल हे तुम्ही लिहिलेलं नाही. डिझेल असेल तर ईजीआर कूलर, म्हणजे इंजिनात परत सोडला जाणारा धूर कूलंटने गार करणारा भाग, आधी बघायला सांगा. तो आतून फुटला की कूलंट सरळ सिलिंडरमध्ये जाऊन जळतं, बाहेर काहीच दिसत नाही, आणि सगळे गॅस्केटच्या नावाने बोंब मारतात. तो सुटा काढून, वेगळा दाब देऊन तपासता येतो. हेड जागेवरच राहतं.