परस्परविरोधी रिक्वायरमेंट्स टेस्टिंगच्या आधी कशा पकडायच्या?

तुमचा प्रश्न असा की, सॉफ्टवेअरबद्दलच्या दोन विभागांच्या मागण्या (रिक्वायरमेंट्स) एकमेकींना छेद देतात हे दर वेळी टेस्टिंगमध्येच का कळतं, आणि कळल्यावर ऐकायचं कुणाचं?

कागदावर त्या भांडत नाहीत, म्हणून. आमच्याकडे कार्डांच्या तक्रारी नोंदवायचा, कर्मचाऱ्यांसाठीचा फॉर्म होता. 'हालचाल नसेल तर १५ मिनिटांनी सेशन (लॉगिनपासून लॉगआउटपर्यंतचं काम) बंद व्हावं' हे मागण्यांच्या डॉक्युमेंटमध्ये पान ४ वर, 'भरलेली माहिती हरवू नये' हे पान ३१ वर. दोन्हींना सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही. मग एक टेस्टर अर्धा फॉर्म भरून जेवायला गेली. परतली तर समोर लॉगिन स्क्रीन आणि फॉर्म कोरा. बग कुणाच्या नावावर टाकायचा यात दोन दिवस गेले.

तेव्हापासून मी डॉक्युमेंट पानांच्या क्रमानं वाचत नाही. त्यातली नामं काढतो: सेशन, खातं, बिल. प्रत्येकाबद्दल कुणी काय म्हटलंय ते एका शीटवर एकाखाली एक लिहितो आणि विचारतो, हे दोन्ही नियम एकाच वेळी लागू झाले तर? 'खातं बंद केलं की ग्राहकाची सगळी माहिती पुसावी' आणि 'बिलं ठरलेली वर्षं जपावीत' ही वाक्यं शेजारी आली की लगेच दिसतं, बिलावर ग्राहकाचं नाव आहेच. 'सगळी', 'नेहमी', 'कधीच' या शब्दांवर तर मी खूणच करतो. 'जलद'सारख्या मोघम शब्दावर वाद घालू नका, आकडा मागा.

डेव्हलपरनं मात्र गुपचूप मधला मार्ग काढू नये. (मी काढलाय. सेशन ३० मिनिटांवर नेलं आणि दोन्ही विभागांच्या शिव्या खाल्ल्या.) आधी मागणीचं मूळ शोधा. आमची १५ मिनिटं पीसीआय डीएसएस या कार्ड-सुरक्षेच्या मानकातून आली होती. त्यात म्हटलंय ते इतकंच की, १५ मिनिटांहून जास्त वेळ हालचाल नसेल तर पुन्हा लॉगिन करायला लावा. भरलेलं फेकून द्या असं त्यात कुठेही नाही! उलट डब्ल्यूसीएजी या ॲक्सेसिबिलिटीच्या (अपंग व्यक्तींनाही वेबसाइट वापरता यावी यासाठीच्या) मानकात, २.२.५ मध्ये, पुन्हा लॉगिन केल्यावर माहिती न गमावता काम पुढे चालू राहावं असा निकषच आहे. म्हणजे भांडण गरजांचं नव्हतंच, आम्ही मनात धरलेल्या उपायांचं होतं.

खातं आणि बिलाचं तसं नाही, तो विरोध खरा आहे. तिथे निर्णय एकाच माणसाचा हवा, आणि तो माणूस परिणाम निस्तरणारा हवा. त्याच्यापुढे मागण्यांची वाक्यं ठेवू नका, प्रसंग ठेवा: 'या ग्राहकानं आज खातं बंद केलं, कालचं बिल आहे, नाव ठेवायचं की नाही?' उत्तर पाच मिनिटांत येतं. ते कारणासकट आणि नाकारलेल्या पर्यायासकट लिहून ठेवा, नाहीतर सहा महिन्यांनी तोच वाद नव्या माणसाबरोबर घालावा लागतो. आमच्या शीटवर सेशनपुढे आजही एवढंच आहे: '१५ मिनिटं कायम. मसुदा सर्व्हरवर. लॉगिननंतर त्याच रकान्यात परत. ३० मिनिटं नाकारली, मानकात बसत नाहीत.'