स्टुटगार्टला निघण्यापूर्वी : पहिल्या कामाविषयी

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. तुम्ही कोरेगावचे, साताऱ्यात यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतलेली, येत्या ऑक्टोबरात स्टुटगार्ट परिसरात पदव्युत्तर शिक्षणासाठी निघणार, आणि आजवर पगार म्हणून एक रुपयाही हाती आलेला नाही. वडील म्हणतात की हवे तेवढे कर्ज काढू, पण तिकडे जाऊन हॉटेलात भांडी घासायची नाहीत. मित्र म्हणतात की तिथे सगळेच विद्यार्थी काम करून आपला खर्च भागवतात, तेव्हा कर्जाची गरजच नाही. या दोघांत कोणाचे ऐकावे आणि निघण्यापूर्वी साताऱ्यात काही काम धरावे का, असे तुम्ही विचारले आहे. मी पाटण तालुक्यातली, साताऱ्यात शिकलेली, आणि अकरा वर्षांपासून स्टुटगार्टजवळ राहते. काम कोणते करावे याचीच चर्चा तुमच्याकडे चाललेली दिसते. ते कशासाठी धरायचे, हे घरात अजून कोणी विचारलेले दिसत नाही. माझ्या अनुभवात सगळे त्यावरच अवलंबून असते, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

आमच्या घरातून बाहेर पडून पहिली मजुरी केली ती आजोबांनी. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला आणि आमच्या घराच्या भिंती बसल्या. घर पुन्हा उभे करायला रोख पैसा हवा, एवढ्या एका कारणासाठी आजोबा बाविसाव्या वर्षी मुंबईला गेले आणि दाणाबंदरात पाठीवर पोती वाहू लागले. गावाच्या मंडळींनी मिळून घेतलेल्या एका खोलीत पंचवीस जण पाळीपाळीने झोपत. मजुरी मुकादमाच्या हातून मिळे, आणि त्याने मधल्या मध्ये किती ठेवून घेतले हे विचारण्याची सोय नव्हती. आमच्याच तालुक्यातील मंद्रुळकोळ्याचे अण्णासाहेब पाटील यांनी या हमालांना संघटित केले होते; पुढे १९६९ साली माथाडी कायदा झाला, मंडळे स्थापन झाली आणि आजोबांची नोंद होऊन मजुरी हिशेबाने मिळू लागली. त्यांचे मंडळाचे ओळखपत्र आजही घरी पत्र्याच्या पेटीत आहे. मला मात्र त्यांच्या कहाणीतला दुसरा भाग अधिक आठवतो. घर तीन वर्षांत बांधून झाले, म्हणजे ज्या कारणासाठी ते गेले होते ते पुरे झाले, तरी आजोबा त्यानंतर पंचवीस वर्षे तिथेच राहिले. आधी धाकट्या भावाचे लग्न निघाले, मग विहीर, मग मुलांची शिक्षणे. परत कधी यायचे हे जाताना ठरले नव्हते, म्हणून ते पुढेही ठरले नाही.

माझे पहिले काम साताऱ्यातच, छत्रपती शिवाजी महाविद्यालयातील ‘कमवा आणि शिका’ योजनेत झाले. कर्मवीर अण्णांनी म्हणजे भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि साताऱ्यात वसतिगृह काढले, तेव्हापासून मुलांनी कष्ट करून शिकावे हा तिथला रिवाज आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. मी २००८ साली बी.एस्सी.ला आले तेव्हा घरून पैसे यायचे ते भुईमूग विकला गेल्यावर, आणि मेसचे बिल मात्र दर महिन्याला यायचे. हा मधला काळ भागवायचा म्हणून मी ग्रंथालयात रोज संध्याकाळी तीन तास काम धरले. नव्या पुस्तकांना क्रमांक घालणे, दाखलनोंद वहीत नोंद करणे, उसवलेल्या पाठी चिकटवणे असे ते काम होते. कारण स्पष्ट होते आणि छोटे होते, म्हणून परीक्षेच्या महिन्यात ग्रंथपाल मॅडमना सांगून मी सुट्टी घेऊ शके आणि मनाला टोचणी लागत नसे. त्याच खोलीत माझ्याशेजारी काम करणारा विट्याकडचा एक मुलगा होता. तो पंधराव्या वर्षी मामांच्या गलाईच्या दुकानात केरळला गेला होता आणि जुने दागिने आटवून, आम्लात घालून शुद्ध सोने काढण्याचे काम त्याने दोन वर्षे केले होते. तो धूर छातीत जाऊ नये म्हणूनच आपण परत शाळेत आलो, असे तो सांगे. खानापूर-आटपाडी भागातली किती तरी मुले या धंद्यात भारतभर गेली आणि अनेकांनी चांगला जम बसवला, तेव्हा त्या धंद्याला मी नावे ठेवत नाही; पण पंधरा वर्षांच्या मुलाला ते काम का धरायचे हे कोणी विचारले नव्हते, हेही खरे.

आता जर्मनीविषयी. मी २०१४ च्या हिवाळी सत्रात आले. धाकट्या भावाची फी आपण इथून पाठवू असे मी निघताना वडिलांना बोलून गेले होते, आणि माझ्या पुढच्या सगळ्या अडचणी त्या एका वाक्यातून निघाल्या. नोव्हेंबरात एका उपाहारगृहाने ‘प्रोबेआर्बाइट’ म्हणजे चाचणीचे काम म्हणून मला तीन संध्याकाळी भांड्यांवर उभे केले, आणि चौथ्या दिवशी सध्या गरज नाही असे सांगून एक युरोही न देता परत पाठवले. माझ्या हाती कागद नव्हता आणि मागायचा असतो हे ठाऊक नव्हते. नेहमीचे काम करून घेतले तर चाचणीच्या नावाखालीही मजुरी द्यावी लागते, हे मला नंतर कळले. १ जानेवारी २०१५ पासून जर्मनीत पहिल्यांदाच देशभर किमान वेतन लागू झाले, तासाला ८.५० युरो, आणि फेब्रुवारीत मला एका बेकरीत काम मिळाले तेव्हा करारात तो आकडा लिहिलेला होता. त्या रात्री मला आजोबांच्या पेटीतले ओळखपत्र आठवले.

बेकरीचे काम पहाटे साडेपाचला सुरू होई. भाषा मी खरी तिथे शिकले. पाठ्यपुस्तकात पावाच्या छोट्या गोळ्याला ‘ब्र्योटशेन’ म्हणतात, पण स्टुटगार्टची म्हातारी बाई ‘वेकले’ मागते आणि ‘गुटन टाग’ऐवजी ‘ग्र्यूस गॉट’ म्हणते. एवढेच काम ठेवले असते तर ठीक होते. भावाच्या फीसाठी मी त्याला संध्याकाळची कार्यालयांची साफसफाई जोडली, आणि पहिल्या वर्षी एका विषयात दोनदा नापास झाले. इथल्या बहुतेक अभ्यासक्रमांत परीक्षेच्या संधी मोजक्या असतात, आणि शेवटचीही हुकली की तोच अभ्यासक्रम जर्मनीत दुसरीकडेही सहसा करता येत नाही. तिसऱ्या परीक्षेपूर्वी मी साफसफाईचे काम सोडले आणि वडिलांना फोन करून सांगितले की वर्षभर पैसे येणार नाहीत. ते काही क्षण गप्प राहिले आणि म्हणाले, “मग आधीच का नाही बोललीस?” भावाची फी त्यांनी सोसायटीचे कर्ज काढून भरली. मी निघण्यापूर्वी हा विषय नीट बोलला गेला असता तर तेच कर्ज सहा महिने आधी निघाले असते आणि माझे एक वर्ष वाचले असते.

तुमच्या वडिलांच्या भीतीविषयी एक गोष्ट सांगते, ती त्यांना वाचून दाखवा. माझ्या प्रयोगशाळेतील एका सहकाऱ्याचे वडील मोठ्या कारखान्यात अभियंता होते, तरीही त्याने तेराव्या वर्षी दर शनिवारी घरोघर वर्तमानपत्रे टाकली, कारण त्याला स्वतःच्या पैशांची सायकल घ्यायची होती. इथल्या कायद्याने तेराव्या वर्षापासून पालकांच्या संमतीने रोज दोन तासांपर्यंत हलके काम करता येते, आणि वर्तमानपत्रे टाकणे हे त्यातले नेहमीचे काम. पुढे त्याने सुट्ट्यांत गोदामात खोकी उचलली. नोकरीच्या अर्जात त्याने हे सगळे लिहिले होते आणि मुलाखतीत त्याला त्याविषयी आदराने विचारले गेले. आपल्याकडे पहिल्या कामाच्या मागे बहुधा घराची गरज असते, म्हणून कमी दर्जाचे समजले जाणारे काम दिसले की लोक घराची परिस्थिती मोजू लागतात, आणि वडिलांना नेमका तोच डाग नको आहे. इथे ते काम पाहून कोणी तुमच्या घराची किंमत करणार नाही.

मित्रांचे म्हणणे मात्र आकड्यांत टिकत नाही. व्हिसासाठी ब्लॉक खात्यात, म्हणजे महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, वर्षाला ११,९०४ युरो दाखवावे लागतात, म्हणजे महिन्याला ९९२. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना २०१७ च्या हिवाळी सत्रापासून दर सत्राला १,५०० युरो शुल्क आहे, आणि ते महिन्यावर पसरले तर २५० होतात. १ जानेवारी २०२६ पासून किमान वेतन तासाला १३.९० युरो आणि ‘मिनीजॉब’ म्हणजे ठरावीक कमाईपर्यंतच्या छोट्या नोकरीची मर्यादा महिन्याला ६०३ युरो आहे, हा आकडा आठवड्याला साधारण दहा तासांच्या कामाचा होतो. म्हणजे अभ्यास सांभाळून करता येईल अशा दहा तासांत महिन्याच्या खर्चाचा जेमतेम निम्मा भाग निघतो. विद्यार्थी व्हिसावर वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते, आणि सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांवर गेलात तर आरोग्यविम्यातील विद्यार्थ्याची सवलतही धोक्यात येते. म्हणून कर्ज काढा, आणि दोन वर्षे एक युरोही मिळाला नाही तरी शिक्षण पुरे होईल एवढे काढा. कामाचे पैसे त्यातला हप्ता हलका करतील, एवढीच अपेक्षा घरात ठेवा.

पहिले काम कोणते, याचे उत्तर मग सोपे होते. पहिल्या सत्रात भाषेसाठी म्हणून बेकरी, दुकान किंवा उपाहारगृह यांपैकी जिथे माणसांशी बोलावे लागते असे काम आठवड्याला आठ-दहा तास धरा. रात्रीच्या गोदामात मजुरी थोडी जास्त मिळते, पण तिथे जर्मन शिकायला कोणी नसते आणि दुसऱ्या दिवशीचा वर्ग झोपेत जातो. दुसऱ्या सत्रापासून विद्यापीठातच सहायकाचे काम मिळते का पाहा. ते तास १४० दिवसांच्या मर्यादेत धरले जात नाहीत. तिसऱ्या सत्रात कारखान्यात ‘वेर्कश्टुडंट’ म्हणजे शिकता शिकता आपल्या विषयातले काम करणारा विद्यार्थी म्हणून गेलात तर ते तुमच्या पुढच्या नोकरीचे दार ठरू शकते, आणि स्टुटगार्टच्या आसपास यंत्रांचे कारखाने भरपूर आहेत. घरपोच जेवण पोहोचवणाऱ्या कामात जर तुम्हाला ‘स्वतंत्र व्यावसायिक’ म्हणून नोंद करायला सांगितले तर साफ नकार द्या, कारण विद्यार्थी परवान्यावर वेगळ्या मंजुरीशिवाय स्वतंत्र व्यवसाय करता येत नाही आणि त्याची झळ थेट तुमच्या परवान्याला लागू शकते.

आता साताऱ्यातले आठ महिने. हे मोकळे घालवू नका. औद्योगिक वसाहतीत एखाद्या छोट्या यंत्रशाळेत, पगार किती याचा फार विचार न करता, निदान चार महिने जा. लेथ आणि मिलिंगवर स्वतःच्या हाताने काम करा, मापे घ्या, नाकारलेला माल का नाकारला हे विचारा. यंत्र अभियांत्रिकीच्या कित्येक अभ्यासक्रमांत काही आठवड्यांचा कारखान्यातील अनुभव मागतात, तेव्हा हे काम तिथे मोजलेही जाऊ शकते. प्रवेशपत्रातील अट आजच तपासून घ्या. दुसरे कारण असे की वरिष्ठाची बोलणी ऐकून दुसऱ्या दिवशी पुन्हा वेळेवर जाणे, पगाराचा हिशेब तपासणे, रजा मागणे या गोष्टी आयुष्यात पहिल्यांदा परक्या भाषेत करण्याची पाळी येऊ नये. मला ग्रंथालयाने हे शिकवले होते, तरी मी उपाहारगृहात गप्प राहिले. काहीच न शिकता आले असते तर बेकरीतही टिकले नसते.

सोडताना मालकांकडून अनुभवाचे पत्र घ्या. कंपनीच्या छापील कागदावर, इंग्रजीत, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आठवड्याला किती तास, कोणत्या यंत्रावर काय केले हे सविस्तर, खाली सही आणि शिक्का. ‘चांगला मुलगा आहे’ एवढ्या दोन ओळींचे पत्र इथे कामाचे नाही. जर्मनीत प्रत्येक काम सोडताना ‘आर्बाइट्सत्सॉयग्निस’ म्हणजे असे प्रशस्तिपत्र मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे, आणि त्यातले शब्द मोजून वापरलेले असतात. ‘पूर्ण समाधान’ याला एक श्रेणी, ‘नेहमीच संपूर्ण समाधान’ याला त्याहून वरची. बेकरीतील कामाचेही पत्र मागून घ्या. मी घेतले होते, आणि प्रयोगशाळेतील पहिल्या नोकरीच्या अर्जाला ते जोडले होते.

तिकिटे काढण्यापूर्वी एका संध्याकाळी वडिलांसोबत वही घेऊन बसा आणि वरचे आकडे मांडा. घरी दरमहा पैसे पाठवायचे आहेत का, असल्यास कधीपासून, हे त्यांच्यासमोर लिहून ठेवा. धाकट्या बहिणीचे शिक्षण चालू आहे असे तुम्ही शेवटी ओझरते लिहिले आहे, तर तिच्या फीचाही त्याच वहीत उल्लेख होऊ द्या. आणि इथे आल्यावर कामाचा पहिला करार हाती पडेल तेव्हा सही करण्यापूर्वी त्याचा फोटो मला पाठवा. तासाचा दर, आठवड्याचे तास आणि काम सोडण्याची मुदत या तीन ओळी मी तुम्हाला वाचून सांगेन.